सही कोनाची, वहिनी?

"ताई, आमच्या पोट्टीचं खातं कोन्या बँकेत उघडू?"

वहिनींनी विचारलं मला एकटीला. पण आमच्या यवतमाळच्या वाघापुरातल्या गल्लीत वालकंपाउंडवरून विचारलेली गोष्ट एकीची राहत नाही. मी तोंड उघडायच्या आत पलीकडून काकाजी खाकरले, समोरच्या ओट्यावर बाईंनी चष्मा चढवला, आणि वहिनींच्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली आजी म्हणते, त्या तांदूळ निवडायचं ताट घेऊन बाजेसकट अंगणात सरकल्या. जूनची अखेर. विदर्भातल्या शाळा नुकत्याच उघडलेल्या, पाऊस एकदा तोंड दाखवून गायब, आणि घराघरात कूलर नुसती दमट हवा फेकून राहिलेला. बाहेर बसायला कारण हवंच होतं.

कारण तसं आनंदाचं होतं. वहिनींची मोठी पोरगी एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाली. आठवीत असताना देतात ती, पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे आणि शाळा सरकारी, नगर परिषदेची नाहीतर अनुदानित. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,०००. वहिनींचे यजमान जिनिंगमध्ये, तेही हंगामापुरते. बाकी गावाकडे तीन एकर कोरडवाहू. शाळेनं सांगितलं, खातं पोरीच्याच नावाचं पाहिजे, आधार जोडलेलं पाहिजे, आणि पासबुकाची झेरॉक्स लवकर आणा.

"पोरीच्या नावानं काऊन?" आजींनी खडा फेकत विचारलं. "बापाच्या खात्यात काय काटे हायेत?"

"सरकारनंच तसं म्हनलं हाय, आई," वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून गप्प झाल्या. जूनमध्ये बियाण्या-खताचा पैसा कुठून कुठून निघतो हे आमच्या जिल्ह्यात समजावून सांगावं लागत नाही.

काकाजी पोस्टातून रिटायर झालेले. त्यांच्यापुढे दुसऱ्या कुठल्या खात्याचं नाव घेणं म्हणजे जावयापुढे दुसऱ्या स्थळाचं कौतुक करणं. "पोस्ट!" ते म्हणाले. "इचारच करू नका. दहा वर्सं पूर्न झाले का पोट्टं सोताच्या सहीनं खातं चालवते. पाचशे रुपये भरा, पासबुक घ्या, घरी या. व्याज चार टक्के. तुमची स्टेट बँक किती देते? अडीच!"

हे खरं आहे. २०२५ च्या जूनपासून स्टेट बँकेचं बचत खात्याचं व्याज अडीच टक्क्यांवर आलं. बाई हिशेबाच्या पक्क्या, आयुष्यभर गणित शिकवलं. ओट्यावरूनच म्हणाल्या, "बारा हजार वर्षभर हात न लावता ठेवले तर पोस्टात ४८० होतात, बँकेत ३००. १८० रुपयांसाठी पोरगी कुठं कुठं चकरा मारनार, काकाजी?"

"चकरा कायच्या? अन् दहा तारखेच्या आत पैसे भरले त आनखी फायदा. पोस्ट दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या कमीत कमी शिल्लकेवर व्याज देते. हे तुमच्या बँकवाल्याले इचारा, त्याले तरी मालूम हाय का!"

"अन् मार्चअखेर पाचशेच्या खाली गेलं तर पन्नास कापता, तेही सांगा."

काकाजींनी ते ऐकलं नाही. माझं मत विचाराल तर चौदा वर्षांच्या पोरीच्या खात्यात व्याजाचा दर ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. पण चर्चेत ती पहिली येते, कारण आकड्यावर भांडता येतं. बाकीच्या गोष्टींवर भांडायचं म्हटलं तर घरातलं बाहेर येतं.

"ते आठ टक्केवालं काय हाय?" आजींना टीव्हीवरचं आठवलं. "सुकन्या का काय म्हनते ते?"

सुकन्या समृद्धीचं व्याज ८.२ टक्के, पण ते खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं. मोठीची वेळ गेली. "लहानी आठाची हाय," वहिनी एकदम म्हणाल्या, आणि काकाजींचा चेहरा पुन्हा फुलला. वर्षाला अडीचशे रुपये भरले तरी चालतं, उघडल्यापासून पंधरा वर्षं भरायचं, एकवीस वर्षांनी पूर्ण होतं, हे त्यांनी एका दमात सांगितलं. धाकटीचं काम तिथंच ठरून गेलं. जिचा विषय नव्हता तिचं पक्कं, आणि जिचा विषय होता ती घरात भांडी घासून राहिलेली.

तेवढ्यात पिग्मीवाले भाऊ आले. रोज संध्याकाळी त्यांची मोटारसायकल गल्लीत वळते, हातात ते छोटं मशीन, कोणाचे वीस, कोणाचे पन्नास. ही पिग्मी मुळात कर्नाटकातल्या उडुपीकडची. सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये सुरू केली, विणकरांकडून रोज दोन-दोन आणे गोळा करायला. आता ती बँक कॅनरा बँकेत विरून गेली, पण पिग्मी आमच्या पतसंस्थांमध्ये जिवंत आहे. भाऊंनी विषय उभ्या उभ्या ऐकला आणि मशीन बगलेत धरून म्हणाले, "आमच्याकडं उघडा ना वहिनी. व्याज ज्यादा देतो, घरी येऊन पैसे नेतो, पोट्टीले कुठी जायाचं काम नाई."

"अन् विमा?" बाईंनी विचारलं.

"कायचा विमा?"

"ठेवीचा."

भाऊंनी मशीनची पावती फाडून माझ्या हातात दिली. माझे पन्नास. उत्तर काही दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. बँकेत ठेवलेल्या पैशाला ठेव विमा महामंडळाचा पाच लाखांपर्यंत विमा असतो, व्याज धरून, दर माणशी दर बँकेला. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तो एकच लाख होता. सहकारी बँकेलाही तो लागू आहे. पतसंस्थेला नाही. पतसंस्थेच्या पाटीवर कितीही मोठ्या अक्षरात मल्टिस्टेट लिहिलेलं असलं तरी नाही. भाऊ माणूस चांगला आहे, वीस वर्षं आमचा एक रुपया इकडचा तिकडं केला नाही त्यानं. पण माणूस चांगला असणं आणि ठेवीला विमा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यवतमाळला हा धडा कोणी पुस्तकातून शिकवायची गरज राहिली नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं इथल्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर निर्बंध घातले. खात्यात कितीही असो, काढता येणार फक्त पाच हजार. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात परवानाच रद्द झाला. त्याच २०२१ साली कायदा बदलला होता: निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम ठेवीदाराला मिळाली पाहिजे, बँक पुरती बुडायची वाट बघायची नाही. म्हणून पाच लाखांच्या आतल्यांचा जीव वाचला. त्यावरच्यांच्या गोष्टी निराळ्या. आणि बँक अडचणीत आली की आणखी एक होतं. दाव्याचे फॉर्म भरायला घरातले सगळे एका टेबलाभोवती बसतात, तेव्हा कळतं कोणाचं कुठं किती होतं. नवऱ्याला बायकोचं कळतं, सासूला सुनेचं. ते कळल्यावर कोणत्या घरात काय झालं ते मी इथं लिहिणार नाही. भिंतीजवळ या, सांगते.

"मंग सरकारी बँकच बरी," वहिनी म्हणाल्या. "पन दत्त चौकात जायाचं का इथंच जवळ? गावाकडच्या ग्रामीण बँकेचंही पासबुक हाय घरी."

ग्रामीण बँकेचं नाव बदललं हे त्यांना माहीत नव्हतं. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. "म्हनजे नागपूरवरून आता संभाजीनगरले गेली," काकाजींनी उगाच उसासा टाकला, जणू त्यांची लेक दिली.

जवळचीच बरी, असं मी म्हटलं, आणि माझ्या मते इथं दुसरं काही म्हणण्यासारखं नाही. पोरीला सायकलवर एकटीला जाता येईल, पासबुकात एंट्री मारून आणता येईल, अशी शाखा. खासगी बँकांची मुलांची खाती दिसायला रंगीत असतात, कार्डावर कार्टून असतं, पण त्यातल्या कितीकांत किमान शिल्लक ठेवावी लागते, ती हजारांत. जिनिंग बंद असलेल्या महिन्यात ती कोण ठेवणार? स्टेट बँकेनं किमान शिल्लकेची अट २०२० मध्येच काढली. जनधनला तर ती कधी नव्हतीच, आणि जनधन दहा वर्षांवरच्या पोरांनाही उघडता येतं.

आता आधाराचं. इथं वहिनींनी सोताचीच गोष्ट सांगितली, आणि हसत सांगितली. २०२४ मध्ये लाडकी बहीण सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायांचे दीड-दीड हजारांचे हप्ते आले, वहिनींचे आले नाहीत. मेसेज आला, पैसा आला नाही. दोन बँकांत चकरा झाल्या. शेवटी कळलं की पैसे तिसऱ्याच खात्यात पडले होते. ते खातं काही वर्षांपूर्वी माहेरी गेल्या असताना गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेलं, पासबुक माहेरच्या कपाटात. आधार तिथंच जोडलेलं राहिलं होतं. सरकारी पैसा खाते क्रमांक बघून जात नाही. आधार शेवटचं ज्या बँकेला सीड केलं असेल तिथं जातो. "तवा त मी रडली व्हती ताई," वहिनी म्हणाल्या. "पन एक झालं, भाऊजीच्या लग्नात त्याच पैशाची साडी घेतली. कोनाले मालूमच नव्हते ते पैसे."

आजींनी ताटातून मान वर केली. "कोनती साडी?"

वहिनींनी विषय बदलला.

म्हणून पोरीचं खातं उघडताना फॉर्मवर आधारचा नंबर लिहिला म्हणजे झालं असं धरायचं नाही. आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात यावा म्हणून, सीड करायचा वेगळा अर्ज द्यायचा, आणि नंतर कोणी कॉलेजात, कोणी मेळाव्यात "आमच्याकडं पन एक खातं उघड" म्हटलं तर तिथं आधार सीड करू द्यायचं नाही. शिष्यवृत्ती तिकडं पळेल.

इतकं झाल्यावर मुद्द्याची गोष्ट निघाली. ती बाईंनी काढली. "सही कोनाची, वहिनी?"

"म्हनजे?"

अल्पवयीन मुलांची खाती दोन तऱ्हांची. एकात पालक बरोबर असतो, व्यवहार त्याच्या सहीनं किंवा त्याच्या संगतीनं. दुसऱ्यात मूल एकटंच, सोताच्या सहीनं. स्टेट बँकेत पहिल्याला पहला कदम म्हणतात, दुसऱ्याला पहली उडान. २१ एप्रिल २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना नव्यानं कळवलं की दहा वर्षांवरच्या मुलांना एकट्यानं बचत खातं उघडू आणि चालवू द्या. मर्यादा किती, एटीएम कार्ड द्यायचं का, चेकबुक द्यायचं का, ते तुम्ही ठरवा. मात्र खात्यात पैसा असेल तेवढाच निघाला पाहिजे, उधारी नाही. १ जुलैपर्यंत आपापले नियम त्याप्रमाणे करून घ्यायला सांगितलं होतं. आणि पालक म्हणून आईचं नाव चालतं, बापच पाहिजे असं नाही. हे शेवटचं आजींना दोनदा सांगावं लागलं.

"एकटीची सही?" आजी म्हणाल्या. "चवदा वर्साच्या पोट्टीची? आमाले चाळीस वर्सं अंगठा व्हता!"

"आई, अंगठा पन तुमचाच व्हता ना," वहिनी म्हणाल्या. अशा वेळी ही बाई भारी बोलते.

काकाजी म्हणाले, एटीएम घेऊच नका, पोट्टे उडवतात. बाई म्हणाल्या, घ्या, स्टेट बँकेत दिवसाला पाच हजारांच्या वर निघतच नाही, आणि बारा हजारांत ती उडवून उडवून किती उडवणार? वह्या घेईल, कंपास घेईल, एखादी वस्तू चुकीची घेईल. तीनशेची चूक चौदाव्या वर्षी झालेली बरी. बाईंच्या शाळेत पूर्वी संचयिका होती. राष्ट्रीय बचत योजनेची शाळेतली बँक. पोरंच कॅशियर, पोरंच लेजर लिहायची. एक-एक, दोन-दोन रुपये. सही जुळली नाही तर वर्गातलाच पोट्टा वर्गातल्या पोट्ट्याचे पैसे परत पाठवायचा, आणि त्यावरून मधल्या सुट्टीत मारामारी. माझंही खातं होतं. आम्ही ती पैशासाठी नाही, काउंटरच्या आत बसायला मिळावं म्हणून भरायचो.

इतक्यात पोरगी स्वतःच दारात आली. हात ओढणीला पुसत. सगळं ऐकत होती म्हणजे.

"फॉर्मवर मोबाईल नंबर कोनाचा टाकनार?" तिनं विचारलं.

कोणी बोललं नाही. खरं सांगू, इतका वेळ आम्ही मोठी माणसं व्याज, विमा, सही करत बसलो, आणि खात्याची चावी कुठं आहे ते या पोरीनं बरोबर ओळखलं. सही पोरीची असेल, पासबुकावर फोटो पोरीचा असेल, पण पन्नास रुपये काढले तरी टिंग वाजणार ज्याचा नंबर दिला त्याच्या खिशात. त्या घरात फोन दोन. एक तिच्या बाबांचा, तो दिवसभर जिनिंगच्या चहाच्या टपरीवर टेबलावर उताणा असतो आणि कोणाचाही मेसेज कोणीही मोठ्यानं वाचतो. दुसरा वहिनींचा, जो दुपारनंतर बारावीतल्या पोराच्या हातात असतो.

"दादाचा नको," पोरगी म्हणाली. "तो म्हनते, तुझं कार्ड मले दे, मी फोनपे काढतो त्याच्यावर."

दादा आतून ओरडला की आपण असं म्हटलंच नाही. मग बाईंनी त्यालाच बाहेर बोलावलं, आणि त्याची जी उजळणी घेतली ती मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण गल्लीतल्या इतर आयांना ती कामाची आहे. हल्ली कॉलेजच्या पोरांना गाठून कोणीतरी म्हणतं, तुझं खातं महिनाभर वापरायला दे, एटीएम कार्ड आणि सिम दे, पाच-दहा हजार घे. पोरगं देतं. त्या खात्यातून कोणाचे तरी फसवून घेतलेले लाखो रुपये फिरतात, आणि पोलीस येतात ते ज्याच्या नावाचं खातं त्याच्या दारी. तिकडं नगरला नाहीतर दिल्लीला कोणीतरी सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन लावलेला असतो, इकडं पोराचं खातं गोठतं आणि त्यातच शिष्यवृत्ती अडकते. बँकवाले अशा खात्याला म्यूल खातं म्हणतात. पोराला इंग्रजी शब्द आवडला, अर्थ कळल्यावर आवडला नाही.

"तुला फोनवरून पैसेच द्यायचे आहेत ना," बाई त्याला म्हणाल्या, "तर तुझ्या बाबांना यूपीआय सर्कल लावायला सांग. तुझ्या फोनवरून चहाचे पैसे तू दे, कापले जातील त्यांच्या खात्यातून. महिन्याला पंधरा हजारांच्या वर जात नाही, एका वेळी पाच हजार. किंवा दरवेळी त्यांनी हो म्हनलं तरच जातील असंही लावता येतं."

"दरवेळी बाबाले इचारू?" पोरगा आत गेला. त्याला अशी सोय नको होती.

नंबराचा प्रश्न तसाच. आजींनी आपला बटणांचा फोन पुढे केला. "माझा टाका. मले वाचताच येत नाई, कोनाले सांगनार मी?" पोरगी खूश झाली. पण काकाजी आडवे आले, आणि इथं ते बरोबर होते: मेसेज कोणीतरी वाचलाच पाहिजे. आपण न काढलेले पैसे निघाले तर कामाच्या तीन दिवसांच्या आत बँकेला कळवलं पाहिजे, नाहीतर नुकसानीतला वाटा आपल्या गळ्यात पडायला सुरुवात होते. न वाचणाऱ्याचा नंबर म्हणजे दार सताड उघडं.

"मंग माझाच टाकतो," वहिनी म्हणाल्या. "फोन रात्री माझ्याजवळ ठेवीन. मेसेज मी वाचीन, अन् तुयाशिवाय कोनाले सांगनार नाई. शपथ."

पोरीनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग भिंतीकडे. "बाबाले पन नाई?"

"बाबाले पन नाई."

आजी खडे वेचत होत्या. ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं.

मग सहीचा सराव सुरू झाला. अल्पवयीनाच्या एकट्याच्या खात्यासाठी त्याला एकसारखी सही करता आली पाहिजे, दोन ठिकाणी दोन तऱ्हा चालत नाहीत. पोरीची सही इंग्रजीत, शेवटच्या अक्षराची शेपटी इतकी लांब की रकान्याबाहेर जाऊन मॅनेजरच्या शिक्क्याला लागेल. काकाजी म्हणाले, मराठीत कर, कोणाला नक्कल जमणार नाही. बाई म्हणाल्या, कशातही कर, पण शेपटी काप. अठराव्या वर्षी बँक नव्यानं सही घेते, नव्यानं केवायसी घेते, तेव्हा लाव शेपटी. पोरीनं जुन्या वहीच्या मागं पानभर सह्या केल्या, आणि शेपटी काही कापली नाही, थोडी वळवली.

खातं मंगळवारी उघडलं, जवळच्याच शाखेत, तिच्या एकटीच्या सहीनं. वहिनींनी शब्द पाळला असणार. मला तरी त्यांनी स्वतःहून काही सांगितलं नाही. बुधवारी सकाळी दूधवाल्यानं माप ओतताना विचारलं, "त्या पोट्टीच्या खात्यात पाचशे भरले म्हनते?"

"पाचशे नाही," मी म्हटलं. "अकराशे."